अर्सेनीच्या क्रूसाला पहिला घाव

उस्त-कोर्गा, पांढऱ्या समुद्राचा काठ
९ फेब्रुवारी १९३४

पुन्हा हातमोजे आले. विहीणबाई, दर हिवाळ्याला एक जोड, तोही असा जाड की अस्वलाच्या पंजाला व्हावा. माझ्या पेटीत आता जागा नाही. कसर लागू नये म्हणून मीच ते बाहेर काढते, झटकते, घडी घालते, आणि ज्याच्यासाठी विणलेत तो काही ते घालायला यायचा नाही. पाठवू नका म्हणून मागच्या वर्षी लिहिलं होतं. माझी पत्रं वाचता, की अक्षर वेडंवाकडं म्हणून तशीच ठेवून देता?

असो. श्रीमती ग्लाफीराबाई यांस उस्तीन्याचा सा. न. वि. वि. तुमचा गुडघा आटोक्यात असेल असं धरून लिहिते. आमच्याकडे सगळे हिंडूनफिरून आहेत. गाय आटली आहे. साक्षरतेच्या वर्गातली मास्तरीण लग्न करून शहरात गेली, त्यामुळे माझं शिक्षण जिथे होतं तिथेच थांबलं. जोडाक्षरं चुकली तर तिला बोल लावा.

सध्या सीलच्या शिकारीची तयारी चालू आहे. पुरुष होड्यांच्या तळाला डांबर लावतायत, सगळ्या गावाला तो वास. हा वास आला की मला तुमचा अर्सेनी आठवतो, नको म्हटलं तरी. तो पहिल्यांदा आला ते अशाच दिवसांत. विमान खाडीच्या बर्फावर उतरलं, खाली चाकांच्या जागी लाकडी पट्ट्या, आणि आमची सगळी कुत्री चर्चमागे पळाली. त्यातून हा बाहेर आला, तोंड निळं, आणि पहिलं काय विचारलं तर चूल कुठे आहे. मला वाटलं, गारठलाय बिचारा. तर नाही! त्याला त्या यंत्रातलं तेल गरम करायचं होतं. रोज संध्याकाळी ते बादलीत काढायचं, नाहीतर थंडीत चिखल होतो म्हणे, आणि सकाळी माझ्या चुलीवर ठेवायचं. माझ्या कॉड माशाच्या रश्शाशेजारी! तीन हिवाळे आमच्या घरातल्या प्रत्येक घासाला विमानाचा वास होता. मी रोज शिव्या द्यायची, तो रोज टोपी काढून ऐकून घ्यायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बादली हजर.

आणि समुद्र म्हटला की त्याची गाळण. वरून सील कुठे जमलेत ते बघून यायचा, आमच्या शिकाऱ्यांना सांगायचा, पण होडीत बस म्हटलं की त्याला किनाऱ्यावर दहा कामं निघायची. माझी नात पेलागेया, म्हणजे आमची पलाशा, त्याला यावरून इतकं पिडायची की मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं तेव्हा तो तिचा हात मागायला माझ्यापुढे उभा होता, त्या बादलीसकट.

हे सगळं जुनं उकरायचं कारण सांगते. पलाशा तिशीला टेकली. अर्सेनीला जाऊन येत्या मार्चात सहा वर्षं होतील. आमच्या गावचा लवरेन्ती, निकान्द्रच्या टोळीतला शिकारी, त्याने तिला विचारलंय. तिने नाही म्हटलं नाही. त्याला हिवाळ्याआधी लांबच्या बेटावरच्या हवामान ठाण्यावर नोकरीला जायचंय, तिकडे वर्षानुवर्षं राहावं लागतं. जाईल तो बायको घेऊन, नाहीतर एकटा. पण अर्सेनीचा क्रूस अजून उभा नाही. बर्फाने नेलेल्या माणसाचा क्रूस उभा राहीपर्यंत त्याची बायको आमच्याकडे बायकोच राहते. क्रूसाच्या लाकडावर पहिला घाव रक्ताच्या माणसाने घालायचा. बायको रक्ताची नाही, मी तर नाहीच. तुम्ही आहात. जूनमध्ये पहिली आगबोट येते, तिने या. मी आजवर सहा वेळा बोलावलं, दर वेळी तुम्ही हातमोजे पाठवलेत.

लोभ आहे तो असाच असू द्या, वाढवायला आता वय राहिलं नाही.

तुमची विहीण,
उस्तीन्या

*

लिपोव्ह्का
१ मार्च १९३४

आदरणीय उस्तीन्याबाई यांस,
ग्लाफीराचा कृतानेक नमस्कार. पत्र पोचलं. चि. सौ. पेलागेया हिला अनेक आशीर्वाद सांगावेत. तुमची पत्रं मी वाचते, एकदा नव्हे, अनेकदा. अक्षराबद्दल माझी तक्रार नाही. आहे ती मजकुराबद्दल.

इथे बर्फ वितळू लागलंय, अंगणातल्या सफरचंदांना गेल्या थंडीने फटका दिला, एक झाड बहुतेक गेलं. त्या झाडाखाली अर्सेनी उन्हाळाभर खाट टाकायचा. राखण करतो म्हणायचा, आणि शेजारच्या पोरांना स्वतःच फांद्या खाली वाकवून धरून द्यायचा. मी ओरडले की म्हणायचा, आई, त्यांनी चोरली नाहीत, मी दिली, मग राखण झालीच की. पाण्याचं भय त्याला लहानपणापासून. नदीपलीकडे मावशीकडे जायचं तर नावेत माझ्या पदरात तोंड घालून बसायचा. तुम्ही त्याची थट्टा केलीत ते वाचून मला हसू आलं, मग नाही आलं.

विहीणबाई, तुम्ही स्पष्ट बोलता, मीही बोलते. माझा मुलगा मेला असं कोण म्हणतं? कचेरीच्या कागदावर बेपत्ता आहे. बेपत्ता म्हणजे मेला नव्हे. त्या दिवशी तुमच्या गावची शिकाऱ्यांची टोळी बर्फाच्या तुटलेल्या लादीवर समुद्रात वाहून गेली होती, तो त्यांना विमानातून पाव टाकायला गेला, आणि परत आला नाही. एवढंच मला ठाऊक आहे. ती माणसं सुखरूप परतली. मी तेव्हा एकेकाला पत्र लिहिलं होतं: माझा मुलगा तुम्हाला दिसला का, शेवटचा कुठे दिसला? एकानेही उत्तर दिलं नाही. दिसला असता तर माणूस एका आईला दोन ओळी लिहीत नाही का? म्हणजे त्यांना तो दिसलाच नाही. दुसरीकडे कुठे उतरला असेल. तुमच्याच पत्रात मागे होतं की तुमच्या गावचे दोघं भाऊ बर्फावरून वाहून गेले आणि शरदात चालत घरी आले. त्यांच्यासाठी वाट बघायची आणि माझ्यासाठी नाही?

आणि आज क्रूसाची घाई कोणाला, तर जो तिच्याशी लग्न करू पाहतो त्याला. क्रूसाला पहिला घाव मी घालायचा म्हणजे माझ्याच हाताने मुलाला मारायचं. ते मला जमणार नाही. पेलागेयाला मी बांधून ठेवलेलं नाही, पण मोकळं करण्याची सहीही माझ्याकडून होणार नाही.

गुडघा तसाच आहे. कळावे, राग मानू नये.

आपली,
ग्लाफीरा

*

उस्त-कोर्गा
२ एप्रिल १९३४

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं, आणि चौथ्या वेळी चुलीवरचा माशाचा रस्सा उतू गेला तो दिसूनही उठले नाही. विहीणबाई, सहा वर्षं आपण दोघी एकाच गोष्टीची उलटी बाजू धरून बसलो होतो आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. सा. न. वि. वि. हे मागाहून घालते, आधी घालायचं राहिलं.

नीट ऐका. बर्फावर कोणाचं मरण डोळ्यांनी पाहिलं, तर त्याचा क्रूस उभा राहीपर्यंत आमचे पुरुष ते तोंडातून काढत नाहीत. बायकोपाशी नाही, पाद्र्यापाशी नाही. काढलं तर समुद्र पुढच्या मोसमात त्याच टोळीतला आणखी एक मागतो, अशी आमच्याकडे समजूत. त्यामुळे बर्फावरून आलेली माणसं कोणाबद्दल गप्प बसली, की त्याची बायको समजते, कपाळाला हात लावते, आणि क्रूसाचं लाकूड बघायला लागते. आमच्याकडे न सांगणं हेच सांगणं. दिसला नसता, तर त्यांनी तुम्हाला भराभरा लिहिलं असतं: दिसला नाही, धीर धरा, येईल. ते दोघं भाऊ वाहून गेले तेव्हा सगळी टोळी तोंड भरून बोलत होती, म्हणून आम्ही वाट पाहिली. तुम्हाला एकाचंही उत्तर आलं नाही, तेव्हा मी मनात म्हटलं, चला, कळलं त्या बाईला. आणि तुम्ही तिकडे म्हणत होतात, कोणी पाहिलं नाही, जिवंत आहे! आता मला ते हातमोजे कळले. इतकी वर्षं मला वाटायचं, बाईला दुःखाने थोडं वेड लागलंय.

पत्र घेऊन मी सरळ निकान्द्रकडे गेले. तो टोळीचा म्होरक्या, त्याच्या परवानगीशिवाय कोणी बोलायचं नाही. मी त्याला सांगितलं की त्या आईला आपली रीत ठाऊक नाही, तिला आपल्या गप्प बसण्याने खोटं सांगितलंय. तो म्हणाला, शिकार अजून संपली नाही, माणसं बर्फावर जायचीत, मोसम संपल्यावर बघू. मी म्हटलं, तू सहा मोसम बघितलेस. समुद्राला कोणी हवंच असेल तर त्याला माझं नाव सांग, मी सत्तरीची आहे, अंगात मांस नाही, बघू घेतो का. तो होडीची दोरी चाचपत म्हणाला, लवरेन्तीच सर्वांत जवळ होता, त्याला विचार.

लवरेन्ती माझ्या स्वयंपाकघरात उभ्यानेच बोलला, बस म्हटलं तरी बसला नाही. पलाशा तिथेच पीठ मळत होती. तिनेही हे पहिल्यांदाच ऐकलं. जसं ऐकलं तसं लिहिते, माझ्या पदरचं काही नाही.

आदल्या दिवशी अर्सेनीने त्यांना शोधून काढलं होतं, पाव टाकला होता आणि जहाज येतंय अशी चिठ्ठी. ती लादी म्हणजे फार मोठी नव्हती, रोज कडेने तुटत होती. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. बरोबर उडणाऱ्या यंत्रवाल्याला त्याने किनाऱ्यावर ठेवलं होतं, त्याच्या जागी पावाच्या गोण्या भरल्या होत्या. ते मलाही ठाऊक आहे, पाव मीच भाजला. एक गोणी टाकली, वळला, दुसरी टाकायला खाली आला, आणि पंखा थांबला. लवरेन्ती म्हणतो, आवाज बंद झाल्यावर वारा ऐकू आला. विमान त्यांच्या लादीच्या दिशेनेच येत होतं. ही माणसं मधोमध धावली, टोप्या हलवत, इथे ये म्हणून. मग ते एका बाजूला कललं, त्यांच्या डोक्यावरून गेलं, आणि पलीकडच्या कोवळ्या बर्फावर उतरलं. बर्फ कागदासारखं फाटलं. शेपूट थोडा वेळ वर राहिलं, मग तेही गेलं.

लवरेन्ती आणि आणखी एकाने होडी ढकलली, बर्फ फोडत तिथवर गेले. अर्सेनी वर आला नाही. पाण्यावर तेल पसरलं होतं, आणि पाव तरंगत होते. त्यांनी ते गोळा केले. तीन दिवस टोळीने तेच खाल्ले, खारे, भिजलेले. हे सांगताना लवरेन्तीची मान खाली गेली. मी त्याला म्हटलं, मेल्या, पाव खायलाच पाठवला होता.

पलाशाने पीठ मळणं थांबवलं नाही. पीठ केव्हाच मळून झालं होतं. ती मळत राहिली.

तर आता तुम्हाला कळलं. चूक कोणाची ते तुम्ही ठरवा. पहिली आगबोट नऊ जूनच्या सुमारास. निकान्द्रने पाइनचं सरळ लाकूड बघून ठेवलंय. सरकारला क्रूस चालत नाही, म्हणून गावचा अध्यक्ष म्हणतो, क्रूस म्हणू नका, होड्यांसाठी खुणेचा खांब म्हणा. मी म्हटलं, खांबच तो, त्याला आडवी फळी वाऱ्याने बसवली.

जसा आहे तसा लोभ ठेवा.

उस्तीन्या

*

लिपोव्ह्का
२४ एप्रिल १९३४

आदरणीय उस्तीन्याबाई यांस,
कृतानेक नमस्कार. मोठं पत्र लिहिण्यासारखी मनःस्थिती नाही, ते समजून घ्यावं.

शेजारणी येतात, बसतात, मी त्यांना काही बोलले नाही. काय सांगू? त्यांच्या लेखी तो सहा वर्षांपूर्वीच गेलेला होता, त्यांना नवं काही नाही. हट्टाने मीच एकटी जागी होते.

मला फक्त एक विचारायचं आहे. तो कलला ते मुद्दाम का? ही माणसं त्या लादीवर उभी होती, लादी कच्ची होती, उतरला असता तर सगळे बुडाले असते. ते त्याला दिसलं, म्हणून तो पाण्याकडे वळला का? ज्या मुलाला नावेत बसायची भीती वाटायची तो जाणूनबुजून पाण्यात उतरला का?

लवरेन्तीला विचारा. त्याने हो म्हणून दोन ओळी लिहून द्याव्यात. तेवढं हातात आलं तर मी येईन, घाव घालीन आणि पेलागेयाला आशीर्वादही देईन. उत्तर लवकर यावं.

आपली,
ग्लाफीरा

*

उस्त-कोर्गा
१६ मे १९३४

हा माणूस गाढव आहे! असं गाढव मी या किनाऱ्यावर दुसरं पाहिलं नाही, आणि माझी नात त्याच्याशीच लग्न करायला निघालीय. सा. न. वि. वि., विहीणबाई.

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी त्याला बोलावलं. कागद पुढे ठेवला, टाक हातात दिला. म्हटलं, हो लिही, मुद्दाम वळला असं लिही, आणि खाली सही कर. त्याने टाक खाली ठेवला. मग म्हणाला की मला ठाऊक नाही. त्या दिवशी आडवा वारा होता, यंत्र बंद होतं, वाऱ्याने ढकललं असेल. किंवा त्याने वळवलं असेल. विमानात त्याचं तोंड दिसलं, पण तोंडावरून काही कळलं नाही. जे दिसलं तेवढं सांगितलं, जास्त लिहिणार नाही.

मी त्याला समजावलं. म्हटलं, ती आई तिकडे एका शब्दासाठी जीव मुठीत धरून बसलीय. तुझं लग्न त्या शब्दावर अडलंय. तुला बेटावर एकटं सडायचंय का? आणि समजा तो मुद्दाम वळलाच असेल, तर तू लिहिलेलं खरंच ठरेल! तर म्हणतो, मावशी, खरं असेल तर असेल, पण मी पाहिलेलं नाही. सहा वर्षं त्याच्याबद्दल गप्प होतो. आता तोंड उघडलंय तर त्याच्या नावावर काही जोडणार नाही.

मी त्याला आणखी दोन-चार गोष्टी सुनावणार होते, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तेवढ्यात पलाशा, जी माझ्यापुढे आजवर मान वर करून बोलली नाही, ती म्हणाली की आजी, पुरे. त्याला सोड. क्रूस नाही झाला तर नाही झाला, तो एकटा जाईल. आणि कागद उचलून त्यावर तिने मासा गुंडाळला.

ती बाहेर गेल्यावर मी चुलीपाशी बसले. विहीणबाई, मी रडणारी बाई नाही, नवरा आणि दोन मुलगे समुद्राला दिलेत, डोळे कोरडे झालेत. पण घर किती गप्प आहे हे त्या वेळी कळलं. एके काळी इथे सकाळी तेल गरम व्हायचं, पलाशा त्याला पिडायची, तो चुकीच्या सुरात शीळ घालायचा, मी दोघांना हाकलायची. किती गोंगाट होता! मला तेव्हा वाटायचं, कधी एकदा हा मोसम संपतो आणि माझी चूल मला परत मिळते. मिळाली.

मी स्वतःच हो लिहून त्याची सही ठोकणार होते. अक्षर तुम्ही ओळखलं असतंत, म्हणून सोडलं. तर उत्तर हेच: ठाऊक नाही. ते घेऊन काय करायचं ते तुम्ही बघा. तुम्ही आला नाहीत तर मी तुम्हाला वाईट म्हणणार नाही. म्हणेन, पण तुमच्या पाठीमागे.

उस्तीन्या

*

लिपोव्ह्का
३ जून १९३४

आदरणीय उस्तीन्याबाई यांस,
कृतानेक नमस्कार. हे पत्र पहिल्या आगबोटीने तुमच्याकडे पोचेल, मी तिच्या मागच्या बोटीने येईन. भेट होणार, तरी लिहिते. बोलताना मला सुचेल याची खात्री नाही.

तुमचं उत्तर आलं तेव्हा आधी मला लवरेन्तीचा राग आला. एक शब्द मागितला होता. मग दिवसभर सफरचंदाच्या वाळलेल्या फांद्या तोडत बसले आणि विचार केला. त्याने हो लिहिलं असतं, तर मी ते पत्र छातीशी धरलं असतं, सगळ्या लिपोव्ह्काला वाचून दाखवलं असतं. आणि महिन्याभराने मनात आलं असतं, की लग्नासाठी लिहिलं. त्यानंतर मला बाकीचंही खोटं वाटलं असतं: ते बर्फ, ते तेल, ते पाव. मी पुन्हा लोकर विणायला घेतली असती.

बायको जाईल तरी चालेल, पण न पाहिलेलं सांगत नाही, असा माणूस जेव्हा म्हणतो की अर्सेनी वर आला नाही, तेव्हा तो वर आला नाही. हे मला मान्य करावं लागलं, आणि केलं.

तो का वळला ते मला कधीच कळणार नाही. मी त्याची आई आहे, मला जे वाटायचं ते वाटेल, त्याला कोणाची सही लागत नाही.

नावेत बसायची भीती मलाही आहे. ती त्याने माझ्याकडूनच घेतली होती, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. दोन दिवस समुद्रावर काढायचेत. धक्क्यावर कोणीतरी हात द्यायला असावं. लाकूड सोलून तयार ठेवा, पण कुऱ्हाड लावू नका. लग्न माझ्या देखत व्हावं. मी आईच्या जागी उभी राहीन, मुलीच्या बाजूने. माझ्याकडे आता दुसरं मूल नाही.

एक गोष्ट मात्र तुम्ही आणि मी दोघींनी केली नाही. इतक्या पत्रांत त्या मुलीला काय हवंय ते आपण एकमेकींना सांगत बसलो, तिला विचारलं नाही. म्हणून हे पत्र तिच्या हातात द्या. पहिली बोट सुटली की मी पुढच्या बोटीसाठी अर्खान्गेल्स्कला धर्मशाळेत चार दिवस थांबणार आहे, तिथे तारेने उत्तर पाठवावं: ये किंवा नको. ते उत्तर पेलागेयानेच द्यायचं. विहीणबाई, तुम्ही नाही.

ग्लाफीरा